खुशीनं देताय ना?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्या हिशेबाने आमच्या घरी येणारी माणसं चांगलीच शहाणी होती, कारण कोर्टाची टाळून ती आमच्या घराची पायरी चढायची. जुन्नरचा बाजार रविवारचा आणि कोर्टाला सुट्टी रविवारची. त्यामुळे बाजाराला आलेला माणूस मीठ-मिरची, बैलाची वेसण आणि वकिलाचा सल्ला असं सगळं एकाच फेरीत उरकायचा. सकाळी मी अंगणात सडा टाकत असे तोवर ओसरीच्या बाकावर मुंडाशी दिसायला लागायची. बाक भरला की बाकीचे भिंतीला टेकून उकिडवे बसायचे. घोंगडीचा, तंबाखूचा आणि फडक्यात बांधलेल्या कांद्याचा असा एक मिश्र वास ओसरीला यायचा, तो सोमवारपर्यंत जायचा नाही. ओसरीच्या टोकाला अण्णांची खोली. अण्णा म्हणजे माझे वडील, जुन्नरच्या कोर्टातले वकील, येडगावच्या शेतकऱ्याच्या घरात शिकून पुढे आलेले पहिलेच.

खून-दरोडे आमच्याकडे फारसे नसत. शेजाऱ्यानं बांध कोरला, आता काय करू? माझ्या आंब्याची फांदी त्याच्या रानात गेलीय, तर पाडाचे आंबे कुणाचे? सून माहेरी जाताना सोन्याचे डाग घेऊन गेली, ते परत मागता येतात का? विकत घेतलेला बैल घरी आणल्यावर लंगडायला लागला, तो परत करता येतो का, की लंगडाच सांभाळायचा? आहुप्याचे दोघे भाऊ डोंगर उतरून यायचे. त्यांच्या आज्यानं राखलेली हिरड्याची झाडं आता सरकारची म्हणतात, ती खरंच सरकारची का, एवढंच त्यांना हवं असायचं. कागदी मोहल्ल्यातले एक चाचा यायचे. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या मधली भिंत पडली होती आणि ती कुणी बांधायची याचा निकाल त्यांना हवा होता. माझ्या आठवणीप्रमाणे मी लग्न होऊन मंचरला गेले तेव्हाही ती भिंत पडलेलीच होती. चाचा मात्र दर महिन्याला यायचे, चहा घ्यायचे, आणि अल्लाच्या घरी तरी भिंती नसतील असं म्हणून उठायचे.

या सगळ्यांना चहा आणि लांबून आलेल्यांना भाकरी करायची आमची आत्या. ती अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर पाच-सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला येडगावला बापाकडे आणून सोडलं. अण्णांनी जुन्नरला बिऱ्हाड केलं तेव्हा आजोबांनी तिला अण्णांबरोबर पाठवलं, ती कायमचीच. अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, तिला आक्का म्हणायचे. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की परसात बोलली तर ओसरीवरचा माणूस उठून उभा राहावा. पहाटे तिच्या भाकरीच्या थापांनी मला जाग यायची. चिडली की थापा वाढायच्या आणि भाकरी पातळ व्हायची. आम्ही भाकरी हातात घेऊनच आज आत्याचं काही बिनसलंय का ते सांगायचो.

चूल सांभाळण्याशिवाय तिचं आणखी एक काम होतं आणि ते अण्णांच्या वकिलीतलं होतं. बायका पुरुषांसमोर बोलत नसत. नवरा, दीर नाहीतर भाऊ बोलायचा आणि बाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघायची. अण्णांनी त्यावर एक रीत काढली होती. बाईचा मामला असला की ते आत हाक मारायचे, ‘‘आक्का, या बाईला आत घे.’’ मग आत्या तिला माजघरात न्यायची, पाणी द्यायची, दार लोटून घ्यायची आणि विचारायची, ‘‘बोल आता. तुजं काय म्हननं हाय?’’ थोड्या वेळानं आत्या बाहेर येऊन अण्णांना सगळं सांगायची. जे बाई बोलली तेच सांगायची, त्यात आपल्या पदरचं घालायची नाही. मी तिथंच तांदूळ नाहीतर गहू निवडत बसलेली असायची. अशा कितीतरी बायकांचं आयुष्य मी सुपात मान घालून ऐकलेलं आहे.

त्यात नुकताच नवा कायदा झाला होता. बापाच्या जमिनीत लेकीलाही वाटा. कायदा दिल्लीत झाला आणि त्यावरचा उतारा आमच्या तालुक्यातल्या भावांनी लागलीच शोधून काढला. बहिणीनं आपला हक्क सोडला असा कागद करायचा, हक्कसोडीचा, आणि तो रजिस्टर करून घ्यायचा. त्या दिवशी बहिणीला लुगडं-चोळी करायची, चांगलंचुंगलं खाऊ घालायचं आणि टांग्यात बसवून कचेरीत न्यायचं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. अण्णांकडेही असे कागद यायचे. पण अण्णांचा नियम होता. बहिणीला भावांच्या नजरेआड आत नेऊन विचारल्याशिवाय ते हक्कसोडीच्या कागदाला हात लावत नसत. काही भाऊ या नियमाला कंटाळून दुसऱ्या वकिलाकडे जायचे. अण्णा म्हणायचे, जाऊ देत.

ओतूरची एक बाई मला चांगली आठवते. तिचे तीन भाऊ बाहेर बसले होते, नवं लुगडं तिच्या मांडीवर घडी न मोडलेलं. आत्या तिला म्हणाली, ‘‘हे बघ, अंगठा दिला की जमीन गेली, माहेर ऱ्हायलं. न्हाई दिला तर जमीन ऱ्हायली, आन् माहेराचं मी सांगू शकत न्हाई, ते तुज्या भावांना ठावं. तितं सायब इचारंल, खुशीनं देताय ना? तवा व्हय म्हनायचं आसंल तर खुशीनं म्हन, उगं मान हालवू नगं.’’ ती बाई बराच वेळ लुगड्याचा काठ चाचपत बसली. मग म्हणाली, ‘‘मावशी, माहेरच ऱ्हाऊ द्या.’’ बहुतेक सगळ्या हेच म्हणायच्या. ती गेल्यावर आत्यानं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

त्या वर्षी मला कुठंच बसवत नव्हतं. मॅट्रिक झाले होते. पुण्याला कॉलेजात घालायचं की स्थळं बघायची यावर घरात रोज अर्धं बोलणं व्हायचं आणि ते अर्ध्यावरच राहायचं. मी दारातून परसात, परसातून दारात. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. मी फटकळ होते, अजूनही आहे. माझ्या सुना तुम्हाला सांगतील. तर अशा वर्षात येडगावचे आमचे आजोबा उन्हाळ्यात गेले आणि घरातला एकेक खिळा हलायला लागला.

आजोबांनी येडगावची जमीन स्वतःच्या कष्टानं विकत घेतलेली होती. कुकडी नदीच्या काठापर्यंत पसरलेली काळी जमीन. धाकटे काका ती कसत होते. आजी कधीच गेलेली, आणि आजोबांना मुलं तीन, म्हणजे आत्या, अण्णा आणि काका. नव्या कायद्यानं तिघांचा वाटा सारखा. हे अण्णांना माहीत होतं, काकांना कुणीतरी सांगितलं होतं आणि आत्याला तर पाठच होतं. पण तेरावा झाला, महिना गेला, दोन महिने गेले, कुणी त्यावर बोललं नाही. काका मात्र दर रविवारी बाजाराच्या निमित्तानं यायला लागले. अण्णांच्या खोलीत बसायचे, आवाज खाली करायचे. आत्या चहा घेऊन गेली की गप्प व्हायचे आणि पाऊसपाण्याचं विचारायचे. घराचं सगळं लक्ष त्या बंद दाराकडे. आई डाळ करपवायची, आत्या एकाच जागचं तीनदा झाडायची, आणि मी उगाच कुणावर तरी खेकसायची.

एकदा मी दाराशी उभी राहून ऐकलंच. काका म्हणत होते, आक्काचं नाव लागलं तर उद्या तिच्या नवऱ्याकडची माणसं हक्क सांगत येतील. नांदवलं नाही त्यांनी, पण जमीन सोडायची नाहीत. अण्णा काही बोलले नाहीत. या गप्प बसण्याचा राग मला पुढं फार वर्षं होता, कारण काकांची भीती खोटी होती आणि अण्णांना ते माहीत होतं. मूल नसलेल्या बाईला बापाकडून आलेली जमीन तिच्यामागं बापाच्याच वारसांकडे परत जाते. नवऱ्याकडच्यांचा तिच्याशी संबंध नाही. हे अण्णांनी ओसरीवरच्या परक्यांना दहादा समजावून सांगितलेलं मी ऐकलं होतं. सख्ख्या भावाला सांगायला त्यांची जीभ का उचलली नाही? धाकटा भाऊ नाराज होऊ नये, आणि आक्काला आपण कुठं अंतर देतोय, मग तिला हवीय कशाला जमीन, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. माणूस दुनियेचा वकील असतो तो घराच्या उंबऱ्याबाहेर.

श्रावण सरला आणि एका रविवारी अण्णांनी आईला सांगितलं की मंगळवारी आक्काचा कागद रजिस्टर करायचा आहे. आईनं मला सांगितलं. आत्याला कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. बहुधा काकांनी आणलेल्या हिरव्या लुगड्यानंच सांगितलं असेल. सोमवारी आई म्हणाली, उद्या जेवायला मासवडी करायची, वन्संना आवडते. आता मासवडी आमच्या घरात एकटी आत्याच करू शकायची. आईच्या हातची वडी रश्श्यात विरघळायची. त्यामुळे जिच्या हक्कसोडीचं जेवण होतं तीच मंगळवारी सकाळी चुलीपुढे बसून ते रांधत होती, आणि यात काही विचित्र आहे असं घरातल्या एकाही माणसाच्या लक्षात येत नव्हतं.

शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळी करत न्यायची. मी फडक्याची टोकं धरून बसले होते. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, ‘‘आत्या, तू एवढ्या बायांना आत नेऊन विचारतेस. तुला कुणी नेलं का गं आत?’’

तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, ‘‘फडकं नीट धर, वडी फाटंल.’’

तेवढंच. पण त्यानंतर तिनं केलेल्या वड्या मी कधी बघितल्या नव्हत्या इतक्या घट्ट आणि सारख्या होत्या. हात धुतले, हिरवं लुगडं नेसली, चाफ्याचं फूल घेतलं आणि टांग्यात जाऊन बसली. बाई माणूस सोबत हवं म्हणून मला नेलं. टांग्यात काका पुढं, अण्णा मागं, मध्ये आम्ही दोघी. मी काहीतरी विचारून बसलेय आणि त्याचं आता काहीतरी होणार, एवढंच मला कळत होतं.

रजिस्टर कचेरीत ही गर्दी. भिंतीकडेनं नव्या लुगड्यातल्या दोघी-तिघी आणखी बसलेल्या, त्यांचे भाऊ पान खात उभे. अण्णांना सगळे ओळखत होते. कारकुनानं खुर्ची दिली. कागद अण्णांनीच लिहिला होता, त्यांच्या सुबक अक्षरात. सही तिथंच व्हायची होती. साहेब वयस्कर होते, मवाळ. त्यांनी कागद वरून खाली नजरेखालून घातला, दौत आत्याकडे सरकवली आणि दिवसातून कितीदा म्हणत असतील ते म्हणाले, ‘‘बाई, कागद वाचून दाखवला? समजला? खुशीनं देताय ना?’’

आत्या म्हणाली, ‘‘वाचून कुनी दावला न्हाई. समजला मातर सगळा. खुशीनं न्हाई देत.’’

साहेबांना वाटलं बाई गोंधळली. त्यांनी पुन्हा विचारलं. आत्यानं पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापेक्षा जरा सावकाश. तिचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. भिंतीकडेच्या बायकांनी माना वर केल्या. साहेब अण्णांकडे बघायला लागले आणि अण्णा कागदाकडे. मग साहेब हळूच म्हणाले, वकीलसाहेब, मला हे घेता येणार नाही. अण्णांनी कागदाची घडी केली आणि कोटाच्या खिशात घातली. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता आणि इतकी भीती वाटत होती की मी आत्याचा पदर मुठीत धरून ठेवला होता.

बाहेर वडाच्या झाडाखाली काका तिच्यावर तुटून पडले. इतकी वर्षं तुला खायला कोण घालतंय, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, ‘‘सदू दाणं आनतो. खायाला मी घालते. तू बी माज्याच हातचं खाऊन मोटा झालास, तुला आठवत नसंल.’’ सदू म्हणजे अण्णा. काका तिथूनच येडगावला निघून गेले. आम्ही तिघं चालत घरी आलो. टांगा करायचं कुणाला सुचलं नाही.

घरी आई ताटं मांडून बसली होती. आमची तोंडं बघून ती काय ते समजली. अण्णा न जेवता कोर्टात गेले. आत्या लुगडं बदलून परसात लाकडं फोडत बसली. टोपलंभर मासवड्या तशाच. शेवटी आईनं त्या ओसरीवर येऊन टेकलेल्या आहुप्याच्या दोघा भावांना वाढल्या. ते पोटभर जेवले आणि म्हणाले, आज काय सण हाय का वैनी? आई म्हणाली, हो, आहे एक.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. अण्णा आत्याशी बोलत नव्हते. रागावलेही नव्हते. समोर ती आली की जागेवरून उठायचे. काही हवं असलं की मला सांगायचे, आत्याला म्हणावं चहा ठेव. आत्या ते माझ्या आधी ऐकायची आणि चहा ठेवायची. आई माझ्याशी कुजबुजायची की आता यांनी वन्संना येडगावला पाठवलं तर तिथं काका घरात घेणार नाहीत, मग बाई जाणार कुठं? तिला बिचारीला खरोखर झोप लागत नव्हती. मला राग कुणाचा धरावा ते कळत नव्हतं. अण्णांचा धरावा तर ते असे उतरलेल्या चेहऱ्यानं जेवत होते की राग धरवायचा नाही. तालुक्यात गोष्ट पसरली होतीच. वकिलाच्या बहिणीनं कचेरीत न्हाई म्हटलं. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणत असणार. आमच्या ओसरीवर माणसं कमी होतील असं वाटलं होतं, तर पुढच्या रविवारी उलट जास्तच आली. बायका तर खास तिला बघायला आलेल्या.

त्यात नारायणगावकडची एक बाई होती, भावाबरोबर आलेली. अण्णांनी सवयीनं हाक मारली, ‘‘आक्का, या बाईला आत घे.’’ हाक मारल्यावर ते स्वतःच चपापले. इतक्या दिवसांत त्यांनी तिला पहिल्यांदाच हाक मारली होती. आत्या पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. पण तिनं त्या बाईला उठवलं नाही. ती ओसरीच्या बाकाशी गेली, बाकावरचा म्हातारा आपसूक सरकला, आणि आत्या तिथं बसली.

‘‘हिच्या आदी मी आलेय,’’ ती म्हणाली.

कागदी मोहल्ल्यातल्या चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. अण्णा लोडाला टेकले होते ते सरळ बसले. रागावतील, आत जा म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘शालू, आत्याला आत घेऊन जा. काय म्हणणं आहे ते नीट ऐक आणि मला येऊन सांग.’’

मी तिला माजघरात नेलं. पाणी दिलं. दार लोटलं. मला काय बोलावं सुचेना, म्हणून तिचंच वाक्य म्हटलं, ‘‘बोल आता. तुझं काय म्हणणं आहे?’’ ती हसली. घटकाभर हसत राहिली. मला वाटत होतं ती म्हणेल, कागदावर माझं नाव लागू दे, बस. मी तर मनात तसं तयारही करून ठेवलं होतं. ती म्हणाली, ‘‘मला येडगावला ऱ्हायाचंय. नदीकडचा तुकडा मला द्या. तितं आबांचं, तुज्या आज्याचं, गुरांचं छप्पर हाय, ते नीट करून घीन. माज्यापुरती चूल मांडीन.’’

मला धक्काच बसला. मी म्हटलं, इथं काय कमी आहे तुला?

‘‘कमी कायबी न्हाई. सदूनं कदी वाकडा शबूद काढला न्हाई. तुजी आई बी भली बाई हाय. पर शालू, इतकी वर्सं मी ह्या घरात हाय, आन् अजून दुपारी जरा आडवं व्हायचं म्हनलं तर आदी दाराकडं बघती, कुनी बघत न्हाई ना म्हनून.’’

मी उठले. दारापर्यंत पोचेस्तोवर माझ्या मनात काय काय येऊन गेलं. आत्या जाणार. सकाळी भाकरीच्या थापा नाहीत. आईच्या आणि माझ्या भांडणात मध्ये पडायला कुणी नाही. आणि हे सगळं मीच त्या मासवडीच्या फडक्याशी बसून उकरून काढलेलं. अण्णांना सांगावं की फक्त नाव लावून हवंय तिला, राहायला ती इथंच राहणार आहे. कोण मला खोटं पाडणार होतं? पण जे बाई बोलली तेच बाहेर सांगायचं, हे मी तिच्याकडूनच शिकले होते. मी ओसरीवर गेले आणि सगळ्यांसमोर, तिच्या शब्दांत, शेवटपर्यंत सांगितलं.

अण्णा दौतीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, ‘‘दाराकडे बघते, असं म्हणाली?’’

मी मान हलवली. ते बसलेल्या माणसांना म्हणाले की आज काम होणार नाही, पुढच्या रविवारी या. ओसरीवरून माणसं परत पाठवलेली मी त्यांच्या आयुष्यात एवढीच पाहिली. सगळे गेल्यावर ते उठून स्वयंपाकघरात गेले. ते तिथं कधी जात नसत. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, मी मुद्दाम परसात गेले होते. पण बाहेर आल्यावर त्यांनी कागद ओढला आणि तलाठ्याकडे द्यायची वर्दी स्वतःच्या हातानं लिहिली. आजोबांचे वारस म्हणून तिन्ही नावं. पहिलं नाव आत्याचं, कारण ती थोरली.

काका आले तेव्हा ओसरी दणाणली. अण्णांनी तेव्हा त्यांना नवऱ्याकडच्यांचा कायदा समजावून सांगितला. काकांनी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलं? अण्णांनी दौतीचं झाकण लावलं. काका म्हणाले, आजपासून मला बहीण नाही. आत्या चुलीपुढे होती, तिनं ऐकलं. ती आयुष्यात इतर बायकांना जे सांगत आली होती ते असं तिच्याच घरात खरं झालं. त्या दिवशी भाकरी पातळ नव्हती, जाड होती, आणि मध्ये कच्ची राहिली होती.

दसरा झाल्यावर ती गेली. अण्णांनी छप्पर शाकारून दिलं, भिंती लिंपून दिल्या. बैलगाडीत तिचं सामान इतकं थोडं होतं की गाडीवान म्हणाला, बाकीचं आणा की. आईनं तिला तांब्याचा हंडा दिला आणि रडता रडता म्हणाली, ‘‘वन्सं, मासवडीत बेसन किती शिजवायचं ते तरी सांगून जा.’’ आत्यानं सांगितलं. आईला ती शेवटपर्यंत जमली नाही. मलाही जमत नाही. पुढं मी वकील झाले असं लिहिलं तर शोभलं असतं, पण झाले नाही. पुण्याला दोन वर्षं कॉलेज केलं आणि लग्न करून मंचरला गेले. माणसं अजून मला सल्ला विचारतात. मी आधी ऐकून घेते, एवढंच. आत्याची ती जमीन आता धरणाच्या पाण्यात आहे. आत्या त्याआधीच गेली आणि तिचा वाटा कायद्यात होतं तसाच अण्णा आणि काकांच्या नावावर परत आला होता. दोघांनाही तो बघवत नसे.

पण मला सांगायचंय ते त्या वर्षीच्या दिवाळीचं. भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जेवायला जायचं असतं. आमच्याकडे आत्या अण्णांना त्यांच्याच घरात ओवाळायची, कारण भावानं जावं असं तिला घरच नव्हतं. हे मला तोवर एकदाही खटकलेलं नव्हतं. त्या भाऊबीजेला अण्णा सकाळीच कोट-टोपी घालून तयार झाले, मला बरोबर घेतलं आणि आम्ही येडगावला गेलो. नदीचा वारा येत होता. छपरासमोर शेणानं सारवलेलं अंगण, त्यावर रांगोळी. आत्या दारात उभी होती. ‘‘ये सदू,’’ ती म्हणाली, आणि अण्णा वाकून आत गेले, कारण दार ठेंगणं होतं.

आत तीन पाट आणि त्यांच्यापुढे ताटं मांडली होती. दोन भावांचे, एक माझा. काकांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, त्यांच्या चुलीचा धूर दिसत होता. आम्ही थांबलो. आत्यानं निरोप धाडला होता, असं तिनं सांगितलं. रस्सा निवायला लागला तेव्हा ती म्हणाली, ‘‘बसा आता,’’ आणि अण्णांना ओवाळलं. मासवडी केली होती. वाढून झाल्यावर ती आमच्याबरोबरच जेवायला बसली. अण्णा खाली मान घालून जेवत होते. मधूनच थांबायचे आणि पुन्हा जेवायचे. जेवण झाल्यावर मी सवयीनं ताटं गोळा करायला उठले, तर आत्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं.

‘‘बस गं. माज्या घरची ताटं हाईत, मी उचलीन.’’

तिनं ताटं उचलली. त्यातलं एक स्वच्छच होतं. ते तिनं सगळ्यात वर ठेवलं आणि घासायला घेऊन गेली.